भुंग्याच्या फळ्यावर माझा फोटो नाही

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी गुडघे सध्या संपावर आहेत, तेव्हा जेवढी टेकली तेवढ्यांचा गोड मानून घे.) तुझी कंबर आता कशी आहे? त्या मालिशवालीचा काही उपयोग झाला, की नुसतीच चार घरच्या बातम्या घेऊन गेली? भावोजींचं कानातलं मशीन अजून कानापेक्षा डबीतच जास्त असतं का? त्यांना माझा नमस्कार सांग, मोठ्यानं सांग. आमच्याकडे सगळं ठीक. ह्यांचं बीपी गोळीनं आटोक्यात आहे, सूनबाई दुपारपर्यंत ऑफिसात आणि मग घरात, दोन्हीकडे राबते आहे, चिरंजीव सकाळी जातात ते दिवे लागल्यावर उगवतात. मीही बरी आहे. फक्त जळते आहे. ते पुढे येईलच.

फोन का नाही केला असं म्हणशील. आमच्या घराच्या भिंती तुला ठाऊक आहेत, एका खोलीत शिंकलं की दुसऱ्या खोलीतून विचारपूस होते. शिवाय फोनवर तू मला दोन वाक्यं सलग बोलू देत नाहीस, तिसऱ्याला तुझा सल्ला हजर. कागदावर तुला मधे तोंड घालता येत नाही, म्हणून हा खटाटोप. बाकी विशेष काही नाही. सहज लिहिते आहे. मनात काही नाही.

भुंग्याला तू पाहिलंस तेव्हा तो रांगत होता. आता पाच वर्षांचा झालाय. दिवसभर गुणगुणतो म्हणून भुंगा हे नाव तूच ठेवलंस, ते असं बसलं की खरं नाव फक्त डॉक्टरांच्या फायलीत उरलंय. बोलत मात्र नाही. डॉक्टरांनी स्वमग्नता म्हणून सांगितलं तेव्हा सूनबाई आठवडाभर धड जेवली नाही. मी म्हटलं, असेना का! त्याचं अडलंय कुठे? मला सगळं कळतं की. अंगठ्यानं दाराची चौकट घासायला लागला की तहान. डाव्या पायावर उभा राहून पंख्याकडे बघितलं की शू. गुणगुणणं वरच्या पट्टीत गेलं की सदऱ्याचं लेबल मानेला टोचतंय. अगं, मी सगळी नोकरी बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत काढली. माणूस खिडकीशी पोचायच्या आत त्याची कुठली बस चुकलीय ते मी त्याच्या चालण्यावरून सांगायची. तिथे नातवाची तहान ती काय! त्याच्या घशाला कोरड पडायच्या आत पेला त्याच्या हातात. पाच वर्षांत त्याला माझ्याकडे एकदा काही मागावं लागलं असेल तर शपथ. हे मी आल्यागेल्याला अभिमानानं सांगत असे. आता सांगत नाही, कारण नेमका हाच माझा गुन्हा ठरलाय.

ठरवणारी म्हणजे ती मॅडम. आठवड्यातले चार दिवस दुपारी घरी येते. वयानं आपल्या सुनांपेक्षाही लहान, पाठीवर स्वतःपेक्षा मोठी पिशवी, आणि चेहरा असा हसरा की भांडायला जागा सापडत नाही. तिच्या शास्त्राचं नाव लांबलचक आहे. मूल कशामुळे काय करतं ते बारकाईनं बघायचं आणि त्यावरून त्याला शिकवायचं, असं काहीसं सूनबाईनं मला सांगितलं. मी तिला मनातल्या मनात चिकटपट्टी मॅडम म्हणते. चपलेच्या बंदाला असते ना ती खरखरीत चिकटपट्टी, तिची रिळंच्या रिळं पिशवीत घेऊन हिंडते आणि दिसेल त्याला लावते. आमच्या फ्रीजला, कपाटाला, न्हाणीघराच्या दाराला. एकदा हे खुर्चीत जरा जास्त वेळ स्वस्थ बसले होते, तर मीच त्यांना उठवलं. म्हटलं, हला जरा, नाहीतर तुम्हालाही लावून जाईल.

पहिले काही दिवस तिनं काय शिकवलं असेल? काहीही नाही. नुसती खेळली. साबणाचे फुगे काढले, भोवरा फिरवला, त्याला चादरीत घालून झुलवलं, आणि त्याच्यासारखंच गुणगुणत त्याच्या शेजारी पालथी पडून राहिली. मी दारातून बघत होते. शेवटी न राहवून विचारलं की बाई, शिकवणी कधी सुरू होणार? तर म्हणाली, आजी, आधी मी त्याला आवडायला हवी. त्याला आवडणाऱ्या गोष्टी माझ्या हातून मिळाल्या की हळूहळू मीही आवडायला लागेन, मग काम. ऐकलंस? आवडवून घ्यायचीसुद्धा पद्धत असते, आणि तिचं सर्टिफिकेट मिळतं! आणि झालंही तसंच. महिना उलटायच्या आत जिन्यात तिच्या चपला वाजल्या की हा दाराकडे धूम. त्याच जिन्यानं मी रोज भाजी घेऊन धापा टाकत येते, कधी मान वळवून पाहिलं नाही पठ्ठ्यानं. मग मी हिशेब मांडला, माझ्या हातून ह्याला काय मिळतं? नखं कापणं. कान साफ करणं. औषधाचा चमचा. डोक्यावरून पाणी. घरातली सगळी नावडती खाती माझ्याकडे आणि फुग्यांचं खातं तिच्याकडे! मीही एकदा गुपचूप साबणाचं पाणी करून पाहिलं. साबण भांड्यांचा होता. एकच फुगा निघाला, तो माझ्याच चष्म्यावर फुटला, आणि भुंगा उठून तिच्या रिकाम्या चटईवर जाऊन बसला.

मग चौकशा सुरू झाल्या. काहीही घडलं की हिचे तीन प्रश्न ठरलेले. त्याच्या आधी काय झालं, त्यानं नेमकं काय केलं, आणि त्यावर त्याला काय मिळालं. मला आधी हसूच आलं. ताई, तू आणि मी जन्मभर लोकांच्या घरांबद्दल दुसरं काय बोलत आलोय? पण आपण दुसऱ्या प्रश्नात इतक्या रमतो की तिसऱ्यापर्यंत जातच नाही. ही जाते. आणि दर वेळी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी निघायला लागले. तो किंचाळला, काय मिळालं? आजीनं बिस्कीट दिलं. तो जमिनीवर लोळला, काय मिळालं? आजीनं उचलून घेतलं. त्यानं काहीच केलं नाही, नुसता चौकटीशी उभा राहिला, तरी काय मिळालं? आजीनं पाणी दिलं. एक दिवस मला समोर बसवून, अगदी गोड आवाजात (गोड आवाजाचा मला जास्त राग येतो) म्हणाली की आजी, तुम्हाला त्याचं सगळं कळतं ना, म्हणून त्याला मागायची गरजच पडत नाही. उद्या तो शाळेत जाईल, तिथल्या लोकांना कसं कळणार? तर आता तुम्ही थोडं न कळल्यासारखं करायचं.

म्हणजे मला कळतं हा माझा दोष! सासूबाई जाईपर्यंत मला काही म्हणता काही कळत नाही असं म्हणत होत्या, तेव्हा ही बया कुठे होती?

पण नातवासाठी तेही केलं. तो अंगठ्यानं चौकट घासतोय आणि मी छताकडे बघत उभी! तहान त्याला आणि जीव माझा कासावीस. तर तिनं पाण्याच्या पेल्याचं चित्र काढलेलं एक कार्ड केलं आणि ते हातात दिलं की लगेच पाणी मिळतं हे त्याला शिकवायचं ठरलं. ह्याला माणसं लागतात दोन. एक समोर, पाणी घेऊन बसलेलं. दुसरं मुलाच्या मागे, एक अक्षर न बोलता त्याचा हात धरून कार्ड समोरच्याच्या हातात द्यायला लावणारं. आता सांग, समोर कोण बसलं असेल आणि मागे कोण? बरोबर. हात मी धरायचा, कंबर माझी मोडायची, तोंडाला कुलूप मी लावायचं, आणि कार्ड मिळालं की “पाणी! घे पाणी!” म्हणून आनंदानं ओरडून पेला द्यायचा तिनं. तो तहानलेला जीव बघणार कुणाकडे? तिच्याकडेच ना! मी आपली त्याच्या पाठीमागची खुर्ची. बरं, पुढचा नियम त्याहून भारी. मागच्या माणसानं रोज थोडा थोडा हात काढून घ्यायचा. आधी पंजा धरायचा, मग मनगट, मग कोपराला नुसतं बोट, मग तेही नाही. मी बोट काढायला इतका उशीर लावत होते की शेवटी तिनं माझं बोट हळूच बाजूला केलं. आणि ताई, त्यानं कार्ड उचललं. एकट्यानं. नेऊन तिच्या हातात ठेवलं. सूनबाई दारात उभी राहून रडायला लागली. मीही रडले. सगळ्यांना वाटलं आनंदानं. आनंद होताच, नाही कशाला म्हणू, पण निम्मं रडू दुसऱ्या खात्याचं होतं.

किंचाळण्याचंही असंच. किंचाळून बिस्कीट मिळत नाही, कार्ड दिलं की मिळतं, हे घरातल्या सगळ्यांनी सारखंच पाळायचं ठरलं. सगळ्यांनी पाळलं. मी पाळलं नाही. तो किंचाळून किंचाळून लाल झाला आणि मी अर्धं बिस्कीट दिलं. (अर्धंच!) मॅडम म्हणाली, आजी, आता तो इतकंच शिकला की थोडं किंचाळून मिळत नाही, खूप किंचाळावं लागतं. हे तत्त्व खरं की खोटं ते पाहावं म्हणून मी ते ह्यांच्यावर करून पाहिलं. हे न्हाणीघरातला दिवा कधी बंद करत नाहीत, लग्नापासूनचं दुखणं आहे. चांगलं वागणं दिसलं की त्याच क्षणी त्या माणसाला आवडतं ते द्यावं, असं मॅडमचं म्हणणं. मी पदराला खारे दाणे बांधून ठेवले. ह्यांनी चुकून एकदा दिवा बंद केला की लगेच एक दाणा. (एका दाण्यानं बीपी वाढत नाही, डॉक्टरांना विचारलंय.) दोन दिवसांत गुण आला. चौथ्या दिवशी पाहते तर हे भरदुपारी न्हाणीघराच्या दाराशी उभे, दिवा लावतात, बंद करतात, आणि हात पुढे करतात! मॅडमला सांगितलं तर ती पोट धरून हसली. म्हणाली, आजी, आजोबांनी तुम्हाला शिकवलं. मी दाणे बंद केले. तर दिव्याची उघडझाप दुप्पट झाली. मॅडम म्हणाली, मिळायचं बंद झालं की आधी वाढतं, मग कमी होतं, धीर धरा. मी धीर धरला. बल्ब गेला.

आता ‘पुरे’ची गोष्ट सांगते, आणि तू हसणार नसशील तरच वाच. मॅडमनं त्याच्यासाठी एक कार्ड केलंय, लाल, त्यावर आडवा हात. त्याचा अर्थ ‘पुरे’. समोरचा माणूस जे काही करत असेल ते त्याला नको झालं की त्यानं हे द्यायचं आणि आपण ताबडतोब थांबायचं. कुणीही असो. तिच्या शिकवणीतसुद्धा त्यानं ते दिलं की ती हातातलं सगळं खाली ठेवते. त्याच्या नकोला किंमत नसेल तर त्याच्या हवंला कशी येईल, असं तिचं म्हणणं. म्हटलं ठीक आहे, किंचाळण्यापेक्षा बरं. तर एका सकाळी मी त्याला मांडीवर घेऊन लाड करत होते, गालांचे मुके घेत होते, माझा राजा, माझा सोन्या, नेहमीचंच. तो निसटला, फळ्याशी गेला (फळा म्हणजे त्याची सगळी कार्डं जिथे चिकटवलेली असतात तो), आणि कार्ड आणून माझ्या हातात दिलं. माझ्या हातात! मला! माझं काळीज सुपाएवढं झालं, की अखेर माझ्याकडे काहीतरी मागितलं. चष्मा नव्हता, म्हणून हात लांब करून पाहिलं. लाल होतं. आडवा हात होता. सूनबाईनं तर टाळ्याच वाजवल्या, म्हणे कुणी न सांगता स्वतःहून वापरलं! ह्यांनी पेपर खाली करून विचारलं की असं एक कार्ड ह्यांनाही मिळेल का. मी थांबले. नियम म्हणजे नियम.

पण खरा घाव पुढे. मॅडमनं माणसांचे फोटो काढून त्यांची कार्डं केली, म्हणजे कोण हवं तेही त्याला मागता यावं. एक दिवस फळा पाहते तर आई. बाबा. आणि तिसरी कोण? स्वतः मॅडम! दात दाखवून हसतेय. मी फळा उलटून पाहिला, खाली कार्ड पडलंय का पाहिलं, फळ्यामागची भिंतसुद्धा पाहिली. मी कुठेही नाही. अगं, आमच्या फ्रीजचं कार्ड आहे! मग मी अगदी सहज, दुसरंच काही बोलता बोलता (घर कुठल्या रंगाचं करायचं असं काहीतरी) विचारलं की माणसं एवढीच का गं? तर म्हणाली, आजी, जे समोर नसतं ते माणूस मागतो. आई बाबा ऑफिसला जातात, मी संध्याकाळी जाते. तुम्ही तर नेहमी समोरच असता, तुम्हाला मागायची वेळच येत नाही. तिनं हे कौतुकानं म्हटलं. मला ते कौतुक जन्मठेपेसारखं ऐकू आलं. पाच वर्षं मी भाजीवालीच्या पलीकडे एकटी कुठे गेले नाही, दोन लग्नं चुकवली, तुझ्या कंबरेच्या ऑपरेशनला आले नाही, ती सगळी अशी माझ्या अंगावर आली. म्हणजे मी अशी काही तिथे असते की मी असते हेच कुणाला दिसत नाही. आणि रविवारी काय झालं असेल? सगळे घरी, चिरंजीव घरी, मी तर काय घरीच. भुंगा फळ्याशी गेला, मॅडमचं कार्ड काढलं आणि आईला नेऊन दिलं. रविवारी! सुट्टीच्या दिवशी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी ते कार्ड माझ्या चष्म्याच्या डबीत होतं.

कसं गेलं ते विचारू नकोस. वाऱ्यानं गेलं असतं तर खिडकीतून गेलं असतं, डबीत गेलं नसतं, एवढं मलाही कळतं. मला वाटलं होतं, नसलं कार्ड तर विसरेल. दुपारी तो फळ्याशी गेला. जिथे कार्ड असायचं तिथे ती रिकामी खरखरीत पट्टी. त्यानं तिच्यावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग घरातल्या एकेका माणसाकडे जाऊन आमचे हात उघडून बघायला लागला, आधी आईचे, मग ह्यांचे, मग माझे. माझे उघडून पाहिले तेव्हा ते रिकामेच होते. आणि मग त्यानं दोन्ही हातांनी स्वतःच्या कानांवर मारायला सुरुवात केली. सूनबाई पाण्याचं कार्ड दाखवतेय, बिस्किटाचं दाखवतेय, झोक्याचं दाखवतेय, आणि तो कान बडवतोय. त्याला काय हवंय ते त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. ताई, बोलणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून धरावा ना, तसं केलं गं मी. मी डबी उघडली आणि कार्ड जागेवर लावलं, सगळ्यांच्या देखत. त्यानं ते काढून आईला दिलं, आईनं घड्याळ दाखवून सांगितलं की येणार आहे, आणि तो चौकटीला टेकून हुंदके देत बसून राहिला. सूनबाईनं आधी डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मॅडम आल्यावर मीच सांगून टाकलं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं, मीही दोन शब्द ऐकवले असते. नाही रागावली. माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, आजी, तुमचा फोटो काढायचा माझ्याकडून राहिला, चूक झाली, पुढच्या आठवड्यात कार्ड करून आणते. मग म्हणाली, पण कार्ड केलं म्हणजे तो मागेलच असं नाही हं. वाईट वाटून घेऊ नका. अशा माणसाचा हेवा करणं किती कठीण असतं ते तुला सांगून कळणार नाही, पण मी नेटानं करते आहे.

तर असं सगळं छान चाललंय. काळजी करू नकोस. भावोजींना नमस्कार, तुला लागेल तेवढं औषध लागू पडो, आणि उत्तर पाठवायची घाई नाही.

तुझी धाकटी

ता. क. उत्तर पाठवायची घाई आहे. तुझी मागची खोली रिकामी आहे का? आठ दिवस राहायला येईन म्हणते. तुझ्या ओढीनं येते आहे असा गैरसमज नको. जे समोर नसतं तेच माणूस मागतो म्हणे, तर एकदा समोरून जाऊन बघते. कार्ड फळ्यावर लावून होईल, मी तुझ्याकडे असेन, आणि सूनबाई फोन करून सांगेल की त्यानं मागितलं. एवढ्यासाठीच हे सगळं पत्र. आपलं तिसऱ्या दिवशी होणारं भांडण ह्या वेळी पहिल्याच दिवशी उरकून घेऊ, म्हणजे फोनची वाट बघायला मन मोकळं राहील.

ता. क. दुसरा. घरात मी कारण तुझ्या कंबरेचं सांगणार आहे, तेव्हा सूनबाईचा फोन आला तर जरा कण्हत बोल. आणि आठ दिवसांत त्यानं मागितलं नाही, तर मी पंधरा राहीन. पंधरातही नाही मागितलं, तर ताई, तू मला खोटंच सांग की मी झोपले असताना फोन येऊन गेला. मला ओळखू येईल. तरी सांग.

ता. क. तिसरा. पत्र टपालात टाकायला ह्यांच्याकडे दिलं होतं, ते ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात तसंच राहिलं, म्हणून हे लिहिता येतंय. कार्ड आलं. फोटोसाठी मी केस विंचरून, ठेवणीतले कपडे घालून बसले होते, तर मॅडम म्हणाली, असं नको, तो ओळखतो तशाच हव्यात. म्हणून फोटोत माझ्या खांद्यावर पंचा आहे, केस सुटलेत, आणि मी कुणावर तरी ओरडते आहे. दोन दिवस त्यानं त्या कार्डाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आज तुझ्या उत्तराची वाट न बघता मी बॅग भरून बाहेरच्या खोलीत आणून ठेवली. मॅडम नुकतीच आली होती. भुंगा गुणगुणत फळ्याशी गेला आणि त्यानं माझं कार्ड काढलं. मॅडमनं हात पुढे केला. तो तिला ओलांडून गेला. आईनं हात पुढे केला. तिलाही ओलांडलं. आणि तो माझ्यापाशी आला आणि माझं कार्ड त्यानं माझ्याच हातात दिलं.

मला माझ्याकडेच मागितलं, ताई! नियम असा की मागितलं की लगेच द्यायचं. पण देऊ काय? मी तर तिथेच उभी! मी मॅडमकडे पाहिलं. ती म्हणाली, मलाही नाही माहीत, आजी. त्याचं सगळं ओळखणारी मी, मलाही खरंच कळेना. शेवटी होते तिथे फरशीवर बसले, गुडघ्यांसकट. तो माझ्या पोटाला पाठ टेकून बसला आणि गुणगुणायला लागला, आणि बराच वेळ उठला नाही.

खोली नको. बॅग मी परत उपसली. आणि आता शेवटचं सांगते आणि थांबते. मान वर करून पाहिलं तर मॅडम तिच्या चटईपाशी फुग्यांची बाटली हातात धरून नुसती उभी होती. हसत होती, पण ते हसू मी ओळखलं. गेले कित्येक महिने आरशात दुसरं काय बघतेय मी? मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी तिला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.